मोजायचं न्हाई, तोंड बघायचं

हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात पहिला कॉम्प्युटर मी आणला. हे मी सांगायला लागलो की लोक म्हणतात, "झालं सुरू धम्मानंद सरांचं." होऊ द्या. जीपच्या अड्ड्यासमोर, चिवड्याच्या दुकानाला लागून माझा क्लास. दारात 'चपला बाहेर काढा' अशी पाटी. लोक चपला काढायचे ते काढायचे, वर आत येऊन मशीनला हात जोडायचे. एकानं तर नारळ आणला. मी म्हणालो, अरे बाबा, हे माणसानं केलेलं यंत्र आहे, ह्याच्यावर पाणी उडालं तर मलाच नांदेडपर्यंत पळावं लागेल. तो जो रुसला तो पुन्हा काही आला नाही. अशा गावात ह्या यंत्राच्या पोटात हात घालणारा एकच पोरगा निघाला, ओमप्रकाश. त्याची ही हकीकत. खरं तर त्याच्या बापाची पण आहे, पण बापाला काही सांगता येत नव्हतं, आणि सगळी भानगड तिथंच होती.

अठ्ठ्याण्णव सालात तो माझ्याकडं आला. गावाबाहेर टेकाडाच्या कडेला बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथला. घरी गोरमाटी बोलायचा, माझ्याशी मराठी आणि कॉम्प्युटरशी इंग्रजी, तिन्ही सारखीच सावकाश. हुशार म्हणावं तर तसा दिसायचा नाही. बाकीची पोरं गेम लावून बसायची, हा पडदा काळा करून त्यावर ओळी लिहीत बसायचा. मी म्हणायचो, काहून रे, रंगीत सोडून हे काळंच काहून बघतोस? तर म्हणायचा, "सर, आत काय चाललंय ते इथं बराबर दिसतंय."

त्याला नांदेडला डिप्लोमाला घाला, हे सांगायला मी एकदा तांड्यावर गेलो. सांज झाली होती. जनावरं परत येत होती आणि त्याचा बाप थावराबा गोठ्याच्या तोंडाशी उभा होता. उंच माणूस, पांढऱ्या मिशा, डोक्याला तांबडं मुंडासं. एकेक जनावर समोरून आत जायचं, हा त्याच्या तोंडाकडं बघायचा, मान हलवायचा, मग पुढचं. मी आपलं बोलायला सुरुवात म्हणून विचारलं, "किती हायेत जनावरं?" झालं! माणूस असा तडकला की जशी काही मी त्याला शिवीच दिली.

"मोजत्यात व्हय मास्तर जनावरं? मोजलं की कमी होतं. आमच्या आज्या-पंज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, धान्य वाहिलं, पार दर्यापासून. कधी मोजलं न्हाई. मोजायचं न्हाई, तोंड बघायचं."

"अन् एखादं रानात राहिलं तर?"

"त्याचं तोंड दिसलं न्हाई की कळतंच की!"

मी बाबासाहेबांचा माणूस, मला असल्या गोष्टी पटत नाहीत. परत येताना ओमप्रकाशला म्हणालो, तुझ्या बापाला आधी बेरीज शिकव. तो नुसता हसला. थावराबानं मात्र पोराला नांदेडला घातलं, आणि त्यासाठी किती काय केलं ते कधी बोलून दाखवलं नाही.

नांदेड झालं, मग पुणं. पुण्यात ज्या कंपनीत तो लागला तिचं काम काय हे माझ्या डोक्यात शिरायला दोन दिवाळ्या गेल्या. सुट्टीला आला की तो चिवड्याच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून समजावून सांगायचा. म्हणजे असं, की एक मोठा कॉम्प्युटर, आणि त्याच्या पोटात पुष्कळ खोटे कॉम्प्युटर. खोटे म्हणजे त्यांना ना डबा ना कीबोर्ड, पण काम खऱ्यासारखंच करतात. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. एकावर ट्रॅव्हल्सच्या बसचं बुकिंग चालतं, एकावर कुठल्या शाळेचे निकाल, एकावर बियाण्याच्या दुकानदारांचा हिशोब. ह्याचं काम त्यांची राखण करायची.

"अन् त्यातली एखादी बिघडली हे कसं कळतं?" मी विचारलं. "पडदा तर न्हाई म्हणतोस."

तर म्हणाला, पडदा असतो, पण तोही तसलाच. मागितला तर दिसतो, नाहीतर नाही. त्याला कन्सोल म्हणायचं. लांबून मशीनला हाक मारली आणि तिनं ओ दिली, म्हणून ती ठीक आहे असं समजायचं नाही. आतल्या आत अडकून पडलेली मशीन पण ओ देते. कन्सोल उघडून बघितला की मगच खरं काय ते कळतं.

"मंग तुझ्या बाचंच झालं की," मी म्हणालो. "तोंड बघायचं!"

हे ऐकून तो इतका खूश झाला की मला चहावर चहा पाजला. असल्या साध्या गोष्टीनं खूश होणारं लेकरू होतं ते.

दोन हजार आठच्या कापूस वेचणीत थावराबा शेतातच कोसळला. लकवा. उजवं अंग गेलं, वाचा गेली. हिंगोलीचा दवाखाना झाला, नांदेडचा झाला. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच पुष्कळ समजा. माणूस तांड्यावर परत आला तो बाजेवर. डोळे उघडे असायचे, पण त्या डोळ्यांमागं कुणी आहे का नाही हे सांगता येईना. नावानं हाक मारली तरी बघायचा नाही. घास दिला तर गिळायचा. डावा हात कधीमधी हलायचा, तोही उगीच, माशी हाकल्यासारखा.

ओमप्रकाश रजा टाकून आला आणि रजा संपली तरी गेला नाही. त्याचा काका पेमा, थावराबाचा धाकटा भाऊ, तोंडानं फटकळ, मनानं वाईट नाही. त्यानं सगळ्यांदेखत विषय काढला.

"तू इथं बसून काय करून राहिला? तू हायेस का न्हाईस हे तुझ्या बाला कळतंय का? त्याला आता काई कळत न्हाई. बाज काय अन् तो काय. पुण्याची नोकरी गेली तर पुन्हा मिळल का? तुझ्या याडीला मी बघतो. तू जा."

"कळत असल तर, काका?"

"अन् नसल तर?"

 सगळा प्रश्न एवढाच होता. कळत नसेल तर पोरानं उशाशी बसणं म्हणजे हातचं काम घालवणं, दुसरं काही नाही. आणि कळत असेल तर? मग उठून जाणं म्हणजे जिवंत बापाला टाकून जाणं. बरं, हे सांगणार कोण, तर ज्याला सांगता येत नाही तोच. त्याची याडी, म्हणजे आई, निर्मलाबाई एकटी म्हणायची, "त्यांना समदं कळतंय, मी सांगते ना." पण लोक म्हणायचे, बाईमाणसाची माया, ती काय दगडाला पण कळतंय म्हणेल. शेवटी पेमानं तोड काढली. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबायचं, तोवर थावराबात काही फरक दिसला नाही तर ओमप्रकाशनं मुकाट पुण्याची गाडी धरायची. ओमप्रकाश हो म्हणाला.

पुण्याचा साहेब तसा बरा माणूस असावा. तो म्हणाला, गावाकडूनच मशीनींवर नजर ठेवता येत असेल तर ठेव, काही दिवस चालवून घेऊ. पण तांड्यावर टेलिफोनची तार नाही आणि मोबाइलचं नेट मुंगीच्या पावलानं. तार होती माझ्याकडं. इन्व्हर्टर पण होता, कारण आमच्याकडं लाइट असते त्यापेक्षा नसते जास्त. तो येऊन म्हणाला, "सर, मागची खोली द्या. बाला पण तिथंच आणतो, नजरेसमोर राहील." घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! मी पुष्कळ कटकट केली. मग स्वतःच मोडके मॉनिटर बाहेर काढले आणि खोली झाडून दिली. खोली एवढीशी, त्यामुळं टेबल आणि बाज समोरासमोर आली. ओमप्रकाश खुर्चीत बसला की त्याच्या खांद्यावरून थावराबाच्या डोळ्यांसमोर कॉम्प्युटरचा पडदा यायचा.

माझी तार म्हणजे पण काय, नावालाच तार. एक कन्सोल उघडायचा म्हटलं तर चित्र वरून खाली उतरेपर्यंत पंचायत समितीत फाईल पुढं सरकेल. एवढ्या मशीनी एकेक करून बघायच्या तर दिवस मावळायचा. तेव्हा त्यानं स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांच्या ओळी. एकदा लिहून दिल्या की तो न कुरकुरता तेच तेच करत बसतो. माझ्या क्लासातली पोरं असं ऐकती तर काय पाहिजे होतं! ही स्क्रिप्ट पुण्यातच चालायची. जी जी मशीन चालू असेल तिच्या कन्सोलचा ती फोटो काढायची, तो एसटीच्या तिकिटाएवढा बारीक करायची, सगळे फोटो एका पानावर ओळीनं मांडायची आणि ते एकच हलकं पान गोरेगावला धाडायची. थोड्या वेळानं पुन्हा नवे फोटो, नवं पान. एका नजरेत सगळा कळप.

मी बघितलं आणि म्हणालो, "झकास. आता खाली एक ओळ टाक, एकूण मशीनी इतक्या."

"कशाला सर? आमच्यात मोजत न्हाईत."

म्हणाला हसून, पण टाकली नाही ती नाहीच. बाप मागं पडलेला असताना त्याच्या डोळ्यांदेखत मोजणी लिहायला त्याचा हात धजत नव्हता, हे मला दिसत होतं. मी आणखी दोनदा बोललो असतो, पण म्हटलं जाऊ दे, आपल्याला काय करायचंय.

कंपनीत त्या मशीनींची नावं म्हणजे अक्षरं आणि आकडे, वाचताना जीभ अडखळते. ओमप्रकाशनं त्यांना घरची नावं ठेवली. सगळं अंग उजळ तो ढवळ्या. रेघारेघांचा तो बांड्या. एकीचा पडदा पूर्ण काळा आणि वर मधोमध पांढरा चौकोन, त्यांच्या जुन्या बैलाच्या कपाळावर होता तसा, तो चांद्या. बसचं बुकिंग ह्या चांद्यावर चालायचं. रोज सकाळी पान उघडलं की तो खुर्ची बाजूला सरकवायचा आणि बापाला म्हणायचा, "बा, हे बघ, समदे आले. हा ढवळ्या. हा बांड्या. हा चांद्या." थावराबाचे डोळे पडद्यावर असायचे. पण डोळे उजेडाकडं जातातच, तान्ह्या लेकराचे पण जातात. त्याच्यात काय धरायचं?

थंडी गेली, शिमगा गेला, ऊन तापायला लागलं. थावराबात रतीभर फरक नाही. बाजाराच्या दिवशी पेमा यायचा, भावाच्या तोंडाकडं बघायचा, ओमप्रकाशकडं बघायचा आणि न बोलता बिडी ओढायला बाहेर जायचा. त्याचं न बोलणं बोलण्यापेक्षा जास्त टोचायचं.

आखाजी तोंडावर आली. लग्नसराईचे दिवस, जीप वऱ्हाडांनी भरून जायच्या. मी क्लासात पोरांना फोल्डर कसा करायचा हे शंभराव्यांदा सांगत होतो, तेवढ्यात निर्मलाबाई धावत आली.

"मास्तर, बघा ना, हे कसं करून राहिले!"

मी मागं गेलो. थावराबाचा डावा हात वर उठलेला, ताठ, आणि घशातून 'ऊं, ऊं' असा आवाज. कपाळावर घाम. ओमप्रकाशनं पाणी दिलं, तर दात घट्ट आवळले. लघवीचं भांडं लावलं, ते पण नको. कूस बदलून दिली तर मान पुन्हा वळवून आहे तिथं आणली, आणि हात पुन्हा वर. ओमप्रकाश घाबरून गेला होता, तरी मधेच सवयीनं पडद्याकडं नजर टाकून म्हणाला, "काम तरी ठीक हाये, समदे बराबर दिसून राहिलेत." मी म्हणालो, काम घाल चुलीत, हा दुसरा झटका असेल, हिंगोलीला हलवा.

जीप बोलावली. चिवडेवाला, मी, ओमप्रकाश आणि जीपवाला, चौघांनी बाज उचलली. दारातून निघताना बाज अडली. बघतो तर थावराबानं डाव्या हातानं टेबलाचा पाय धरलेला. एकेक बोट सोडवावं लागलं. त्या हातात एवढा जोर शिल्लक असेल असं मला वाटलं नव्हतं. जीपमध्ये मी पण चढलो. निर्मलाबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तो सारखी मान उलटी करून मागं, माझ्या क्लासकडं बघत होता.

हिंगोलीच्या डॉक्टरनं तपासलं. रक्तदाब बराबर, नाडी बराबर. म्हणाले, नवीन काही नाही, अशा पेशंटचं कधीकधी असं होतं, घरी न्या. आम्ही व्हरांड्यात उभे होतो तेव्हा ओमप्रकाशचा मोबाइल वाजला. पुण्याचा साहेब. त्याचा आवाज बाजूला उभ्या असलेल्या मला ऐकू येत होता. बसचं बुकिंग सकाळपासून बंद आहे, ऐन सीझनमध्ये, आणि तू काय झोपला होतास का?

"सर, मी बघत होतो. समदे चालू होते."

"मग ती मशीन तुला दिसली का त्यात?"



झालं होतं असं. सकाळी, ओमप्रकाशनं बापाला पान दाखवून झाल्यावर, पुण्यात त्या मोठ्या कॉम्प्युटरची काही दुरुस्ती होती. तेवढ्यापुरती त्यांनी धोक्याची घंटी मुकी केली आणि पुन्हा चालू करायला विसरले. दुरुस्तीनंतर सगळ्या मशीनी उठल्या, चांद्या उठला नाही. आणि ओमप्रकाशची स्क्रिप्ट तर चालू असलेल्यांचेच फोटो काढणारी. चांद्या बंद, म्हणून त्याचा फोटोच नाही. बरं, पानावर जागा तरी रिकामी दिसावी? ती पण नाही. मागचे सगळे एकेक घर पुढं सरकले आणि पान भरल्यासारखं दिसलं. खाली एक आकडा असता तर शेंबडं पोर पण म्हणालं असतं की एक कमी आहे. मी आरडाओरडा करणार होतो, जिभेवर आलं होतं. पण त्याचा चेहरा बघितला आणि गिळून टाकलं.

परत आलो तेव्हा ऊन कलत होतं. बाज जाग्यावर ठेवली. ठेवल्या ठेवल्या थावराबाचा हात वर. ओमप्रकाशनं तिकडं न बघता खुर्ची ओढली, चांद्याला चालू व्हायचा हुकूम दिला आणि डोकं धरून बसला. थोड्या वेळानं नवं पान आलं. काळा पडदा, वर पांढरा चौकोन, आपल्या जाग्यावर.

"घेतला बाई हात खाली एकदाचा," निर्मलाबाई मागून म्हणाली.

ओमप्रकाशनं वळून बापाकडं बघितलं. मग पडद्याकडं. मग पुन्हा बापाकडं. थावराबाच्या तोंडावरचा ताण गेला होता, श्वास संथ चालला होता.

"योगायोग," मी म्हणालो. मला असं म्हणायची खोडच आहे.

त्यानं स्क्रिप्ट उघडली आणि ढवळ्याला वगळ, अशी एक ओळ टाकली. मशीन चालूच, फक्त तिचा फोटो पानावर येणार नाही. आम्ही वाट बघत राहिलो. पान बदललं. बाजेवरचा हात हळूहळू उठला. 'ऊं.'

ओळ काढली. पान बदललं, ढवळ्या आला. हात खाली.

मग निर्मलाबाईच्या ध्यानात आलं काय चाललंय. तिनं पोराच्या पाठीत असा धपाटा घातला की मी दचकलो. "बापाची परीक्षा घेऊन राहिला व्हय रे? मी इतके दिवस घसा फोडून सांगते, त्यांना कळतंय, त्यांना कळतंय, तर कुणी ऐकलं न्हाई! अन् आता त्या डबड्यानं सांगितलं तर पटलं तुला?" असं म्हणत म्हणत ती रडायला लागली. ओमप्रकाश बाजेशी खाली बसला, बापाचा डावा हात त्यानं दोन्ही हातांत धरला आणि तोंडाला लावला. "बा, तू सांगत व्हता अन् मी तुला उचलून नेलं रे," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी बाहेर आलो आणि चिवडेवाल्याशी उगीचच भांडण काढलं. रडताना मला कुणी बघितलेलं चालत नाही.

पण पुणं पुणं आहे, तिथं हे सांगून कोण ऐकणार? बसवाल्यानं त्या कंपनीचं काम काढून घेतलं. साहेबानं सांगितलं, गावाकडून राखण करायचा प्रकार आजपासून बंद. काम पाहिजे असेल तर पुण्यात येऊन खुर्चीवर बस. बापाला कळतंय हे ज्या दिवशी कळलं, त्याच दिवशी त्याला सोडून जायचा हुकूम आला. असलं कुणाच्या वैऱ्याच्या नशिबी येऊ नये.

आखाजीला पेमा आला. त्याला सगळं सांगितलं. तो पुष्कळ वेळ भावाच्या बाजेशी बसून राहिला. इतक्या महिन्यांत आपण ह्याच्यासमोर काय काय बोललो हे आठवत असावा. मग म्हणाला, "कळतंय ना? मंग हे पण समजल त्याला. पोरगं कमवाया जातं हे काय आमच्या तांड्याला नवीन हाये?" बोलणं खोटं नव्हतं. ओमप्रकाशनं बापाच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "बा, मी पुण्याला चाललो. याडी हाये, काका हाये." थावराबा त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. जायच्या आदल्या दिवशी मी मागच्या खोलीत डोकावलो तर पानाच्या तळाशी नवी ओळ दिसली: एकूण, आणि पुढं आकडा. 

थावराबा आणि निर्मलाबाई तांड्यावर परत गेले. बाज आता गोठ्याच्या तोंडाशीच टाकायचे, तेवढंच बरं वाटेल म्हणून. पावसाळा सरता सरता बाजाराच्या दिवशी निर्मलाबाई क्लासात आली आणि पायरीवर बसली. चपला बाहेर काढायला ती कधी विसरायची नाही.

"रोज सांजचं हात वर करत्यात, मास्तर."

"एखादं जनावर मागं राहत असंल."

"न्हाई वो. जनावरं समदी येत्यात. एकेकाचं तोंड बघत्यात. मग माझं बघत्यात, मग पेमा भावजींचं. अन् मग हात वर. मी म्हणते, पुण्याला गेलाय वो तो, कामाला गेलाय. तरी हात खाली न्हाई. डोळा लागला की मगच पडतो." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्याला सांगू नका. लेकराच्या घशाखाली घास उतरायचा न्हाई."

मी कुणाचं ऐकणारा माणूस नाही. ती जीपमध्ये बसली आणि मी पुण्याला फोन लावला. जसं तिनं सांगितलं तसं सगळं सांगितलं.  तिकडून "बरं सर," आणि फोन बंद. मला असा राग आला! बरं सर? बाप रोज हात वर करून पडतो आणि ह्याला बरं सर?

नंतर एक दिवस दुपारी जीप थांबली आणि टपावरून एक मोठा खोका उतरला. मागून ओमप्रकाश.

"सोडली?" मी विचारलं.

"व्हय."

"खाशील काय?"

"तुमच्या क्लासात शिकवीन."

"मी तुला ठेवतो असं कोण म्हणालं?"

"तुमीच म्हणाल, सर."

पेमा काय बोलेल, गाव काय बोलेल, ह्याचा हिशोब मी मनात करून बघितला आणि सोडून दिला. ज्याचं जळतं त्याला कळतं. क्लासला कुलूप लावलं आणि त्याच्याबरोबर तांड्यावर निघालो. मला बघायचं होतं, झाकून कशाला ठेवू?

पोचलो तेव्हा जनावरं टेकाडावरून उतरत होती. मला वाटलं हा पळत घरात जाईल. गेला नाही. खोका बाभळीखाली ठेवला आणि जनावरांच्या मागं मागं चालायला लागला, अगदी शेवटी. त्याच्या मागं मी, धूळ खात.

गोठ्याच्या तोंडाशी बाज. तांबडं मुंडासं निर्मलाबाईनं नीट बांधून दिलेलं. एकेक गाय समोरून जायची, थावराबा तिच्या तोंडाकडं बघायचा, मान जराशी हलवायचा, मग पुढची. शेवटची गाय आत गेली. निर्मलाबाई पाठमोरी दावं बांधत होती, तिनं आम्हाला बघितलंच नव्हतं, सवयीनं म्हणाली, "आले वो समदे." तिकडं बाजेवरचा डावा हात उठायला लागला होता.

अर्ध्यावर आला आणि ओमप्रकाश समोर उभा राहिला.

थावराबानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. जनावरांकडं बघायचा तसंच, सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मान हलवली. मग नजर पुढं सरकली, कारण मागं मी उभा होतो. त्यानं माझं पण तोंड बघितलं आणि हात बाजेवर ठेवला.